कुंकवापाशी अडलेली मुंगी

राणीसावरगाव
३ जानेवारी २०२५

अक्का,

तुला पत्र लिहायचं म्हणून दिवाळीत वही आणली. मग म्हणलं तुळशीचं लग्न होऊ दे. मग म्हणलं कापूस निघू दे. कापूस निघाला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, वही तशीच. आज माय म्हणाली, "पेनातली शाई वाळली आसंल आता, ल्ही एकदाची." मी ओढून बघितलं, वाळली नव्हती. वाळली असती तर आणखी चार दिवस निघाले असते.

फोन का केला नाही हे तू विचारणार नाहीस. माझा नंबर तूच ब्लॉक केलास. मायच्या फोनवरून लावला तर "बोल माय" म्हणतेस, आणि माझा आवाज आला की तुझ्याकडची रेंज जाते. मानवतची रेंज लय हुशार आहे बघ, माणूस ओळखते. पोस्टमनला तसं करता येत नाही म्हणून हे पत्र.

मी दसऱ्यापासून घरी आहे. माय सगळ्यांना सांगते, कायमची आली. मी खोडत नाही. पुण्यात कंपनीत होते ते तुला माहीत आहे, सर्किटच्या हिरव्या पाट्यांवर डाग द्यायचं काम. डोळे जायची वेळ आली तेव्हा सोडलं. मग हैदराबाद. तिथं एक संस्था होती, शाळाशाळांत जाऊन पोरांना रोबोट शिकवायची. शिकवायचे सर. माझं काम खोक्यातून सामान काढायचं आणि भरून ठेवायचं. पण अक्का, गाडी चालली नाही की सर मागं वळून म्हणायचे, "ए राजेश्री, देख जरा." रोज चार-पाच वेळा तरी म्हणायचे. सहा महिन्यांनी पोरंच सरांना सोडून माझ्याकडं यायला लागली. मधल्या काळात मी बिदरला पण राहिले, तिथं एका म्हाताऱ्याकडं घड्याळं दुरुस्त करायला शिकत होते, पण ते वेगळंच सांगणं होईल.

संस्थेनं नवीन संच मागवले आणि जुने मोडके भंगारात काढले. मी म्हणलं, मला द्या. एसटीत दोन पोती घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, "काय हाय पोत्यात?" मी म्हणलं, "रोबोट." म्हणाला, "मग लगेज लागंल." त्या सगळ्या मोडतोडीतून मी धडधाकट गाड्या उभ्या केल्यात. आता इथल्या पोरींना शिकवणार आहे. २५ आणि २६ जानेवारी, शनिवारी दिवसभर, रविवारी झेंडावंदन झालं की. आबांनी शेतातला आखाडा दिलाय, गोठ्याशेजारचं ते छप्पर. कडबा एका अंगाला सारला की सात-आठ जणी आरामात बसतात.

आता जे सांगायला पत्र लिहिलं ते. भक्तीला पाठव. दोनच दिवस.

त्या दिवसाचं मी इथं उगाळत नाही. तुझा दीर महारुद्र वाईट नव्हता. त्याला मुलगी झाली असं कळलं, बरं वाटलं. तुझ्या सासूबाई लग्न पक्कं करायला कुंकवाचं ताट घेऊन माझ्यापुढं बसल्या आणि मी उठले, एवढंच झालं. चुकले असं लिहिणार नाही, कारण चुकले नाही. पण मी उठून पुण्याला निघून गेले, आणि तू त्याच घरात राहिलीस. तुझी सासू म्हणजे तोफ. तीन वर्षं ती कुणाच्या दिशेनं डागली असेल ते मला कळतं.

माय सांगत होती, भक्तीनं रिमोट उघडला म्हणून घरात तिला "मावशीवर गेली" म्हणतात. म्हणताना तोंड कसं करतात तेही मायनं करून दाखवलं. अक्का, मला तेवढंच तोंड बदलायचं आहे. पोरीला पाठव.

तुझी
राजी


९ जानेवारी

अक्का,

तुझं उत्तर आलं नाही. सहा दिवसांत येतही नाही म्हणा. तरी रोज पोस्टमनच्या वाटेत उभी राहते. काल तो म्हणाला, "बाई, तुमच्या घरापुढून गेलो तरी सायकल जड जायली."

पोरी गोळा करणं हे रोबोट करण्यापेक्षा अवघड आहे. एका घरी गेले, तिथल्या काकू गहू निवडत होत्या.

"रोबोट मंजी? टीव्हीत माणसावाणी चालतंय ते?"

"नाही काकू. एवढीशी गाडी असते. आपण सांगू तसं चालते."

"भांडे घासती का?"

"नाही."

"झाडू मारती?"

"नाही."

"मग माझी पोरगी हाय की, सांगू तसं चालती. वरून भांडे बी घासती."

त्यांची पोरगी दारामागं उभी राहून हातानं खुणा करत होती, येते म्हणून. दुसऱ्या दिवशी काकूच तिला घेऊन आल्या. "ने बाई, जेवली बी न्हाई रातच्याला."

जिल्हा परिषद शाळेतले धम्मानंद सर आठवतात का? तू गेल्यावर आले असतील बहुतेक. उंच आहेत, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांच्याकडं लॅपटॉप मागायला गेले. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग विचारलं, "शिक्षण किती झालं?"

"बारावीच्या परीक्षेला गेले नाही सर."

"नापास?"

"गेलेच नाही, मग नापास कशी होईन?"

सर हसले नाहीत. मग म्हणाले, "बारावी न्हाई म्हणून पाटी लावू नको, आन इंजिनीयर म्हणून बी लावू नको. पोरींना काय आलं ते सव्वीस तारखेला बगू." आणि लॅपटॉप दिला. शिवाय आपली पोरगी सुकेशनी दिली. आठवीत आहे. बोलत नाही फार. पण तिच्या हातात पेचकस दिला तर ती आधी स्क्रूची डोकी बघते आणि मग पेचकस निवडते. हे मला शिकायला वर्ष लागलं होतं.

सहा झाल्या. सातवी जागा कुणाची ते तुला माहीत आहे.

परवा सगळ्यांना आखाड्यावर बोलावलं. गाड्या दाखवल्याच नाहीत. हे माझं स्वतःचं डोकं आहे, हैदराबादचे सर पहिल्याच दिवशी खोकी उघडायचे आणि मग कुणी ऐकायचं नाही. मी एका पोरीला म्हणलं, तू यंत्र. बाकीच्यांनी तिला नुसतं बोलून दारापासून विहिरीवरच्या पाटीपर्यंत न्यायचं. ती फक्त सांगितलेलं करणार, मनानं काही नाही. एकजण ओरडली, "पुढं!" यंत्र निघालं. निघालं ते निघालंच. थांब म्हणायचं कुणाच्या ध्यानातच नाही, सगळ्या हसायल्या. ती सरळ कडब्याच्या गंजीत घुसली आणि तिथंही पाय हलवत राहिली! काय गुणाचं यंत्र.

आबा बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "राजे, हे काय कामाचं? आपला बैल तरी हीर दिसली की आपुनहून थांबतोय."

पोरी माझ्याकडं बघायला लागल्या. मी काही बोलायच्या आत सुकेशनी म्हणाली, "आबा, बैलाला हीर कुणी शिकवली?"

"शिकवायचं काय त्यात? डोळे हायत त्याला."

"मग ह्याला डोळे लावू. आन हीर दिसली की थांब, हे आधीच सांगून ठेवू."

अक्का, मी दोन दिवस हेच कसं सांगावं म्हणून वहीत चित्रं काढत बसले होते. जर हे दिसलं, तर ते कर. सगळं त्यातच आलं. मी वही बाजूला ठेवली आणि आबांच्या बैलावर धडा घेतला. आबा बैल घेऊन उभे, आणि पोरी त्यांना विचारायल्या, जर काठी उचलली तर? जर उसाचं वाढं दिसलं तर? आबा असे रंगात आले की मायनं जेवायला तीनदा बोलावलं.

सोबत भक्तीसाठी एक बारका दिवा आणि बटणाएवढा सेल पाठवतेय. दिव्याचा लांब पाय सेलच्या अधिक खुणेकडं लावायचा. एवढंच सांग, बाकी सांगू नको.

राजी


१५ जानेवारी

अक्का,

तिळगूळ घे. गोड बोल असं म्हणत नाही, नुसतं बोल.

काळी चिकटपट्टी आणायला गंगाखेडला गेले होते. सकाळी साडेआठच्या गाडीनं गेले आणि पट्टी न घेता परत आले, म्हणून दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. झालं असं की, दुकान उघडायला वेळ होता, म्हणलं तोवर गोदावरी बघून यावं. घाटावर एक माणूस दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात फेकत होता. लोकांनी टाकलेली नाणी काढायला. फेकायचा, हळूहळू ओढायचा, बघायचा. मी बसले. म्हणलं दहा मिनिटं. त्याला विचारलं सगळीच नाणी चिकटतात का, तर म्हणाला, "जुने चिकटत न्हाईत बाई, नवे चिकटतेत. जुन्यात लोखंड न्हवतं." मग आम्ही दोघांनी त्याची सगळी नाणी लावून बघितली, कोणतं चिकटतं, कोणतं नाही. मग भाकरी खाल्ली. त्याचीच. दुकान दुपारी बंद झालं आणि मी चुंबकाचा एक तुकडा घेऊन घरी आले. आबा म्हणाले, "पट्टी?" मी चुंबक दाखवला. आबा काही बोलले नाहीत, पण बैलाशी बोलले.

पट्टी कशाला तर, गाडी चालवायला वाट लागते. पांढऱ्यावर काळी पट्टी चिकटवायची. गाडीच्या पोटाखाली दोन डोळे असतात, ते काळं शोधतात. काळं धरून गाडी चालते, वळणं घेते. मुंग्या कशा एका ओळीत जातात, तशी. पोरींनी तिचं नावच मुंगी ठेवलंय.

पण आखाड्यात पांढरं काय आहे? जमीन सारवलेली, तिच्यावर मुंगी आंधळीच. चादर टाकली तर चुण्या पडतात. मग मला बजरंगदादाचं फ्लेक्स आठवलं. दादा ग्रामपंचायतीला उभा होता आणि पडला. त्याचं एवढं मोठं फ्लेक्स, हात जोडलेलं, त्याच्याच ओसरीत गुंडाळून उभं आहे. फ्लेक्सची पाठ पांढरीशुभ्र असते.

मी गेले. दादा दाढी करत होता.

"न्ह्या की. त्याचं आता काय करायचंय? पण तोंड वर ठेवा."

"दादा, पाठ वर पाहिजे. तोंड खाली."

अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबला. "मंजी मी मातीत तोंड घालून झोपू?"

"तुम्ही नाही हो, फ्लेक्स."

"फ्लेक्सवर कोण हाय मग? आधीच पडलोय मी, राजे. आता लोकं म्हणतील, पोरींनी त्याला पालथा घातला आन वरून गाड्या चालवल्या."

आतून वहिनी म्हणाल्या, "द्या वो. निवडणुकीत कुणाला पाठ दाखवली न्हाई म्हणत होते ना? आता दाखवा."

दिलं. वर स्वतः उचलून आखाड्यावर आणून टाकलं आणि कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, आणि जाताना पोरींना म्हणाला, "पोरीहो, हळू चालवा. खाली मी हाय."

सगळं जमलंय अक्का. पट्टी आहे, वाट आहे, सहा मुंग्या चालतात. तू फक्त हो म्हण. मी स्वतः मानवतला येऊन भक्तीला घेऊन जाईन, तुमच्या दारात पाय नाही ठेवणार, बसस्टँडवर उभी राहीन. तोफेच्या टप्प्याबाहेर.

राजी


२० जानेवारी

अक्का,

कालचं ऐक. बसून ऐक.

मायच्या डोक्यात आलं की पोरींच्या आयांना बोलवावं. नाहीतर त्या ऐन दिवशी पोरी अडवतील. संक्रांतीचे दिवस, म्हणून तिनं आखाड्यावरच हळदीकुंकू ठेवलं. मी म्हणलं बरं, त्याच वेळी मुंगी चालवून दाखवू. सगळं माझ्यादेखत ठरलं, तरी जे व्हायचं ते झालं.

पंधरा-वीस बायका आल्या. हुरडा भाजला होता, गूळ-शेंगदाण्याची चटणी. धम्मानंद सरांची बायको पण आली. तिनं नुसता तिळगूळ घेतला, कुंकू घेत नाही म्हणाली. मायनं बरं म्हणलं आणि तिच्या ओंजळीत हुरडा दुप्पट घातला.

मी एक मुंगी वाटेपाशी ठेवून बाकीच्या काढायला आत गेले तेवढ्यात मायनं काय करावं? नवीन ट्रॅक्टर आला, मोटर आली, साधा नवीन विळा आणला तरी आपल्याकडं आधी काय करतात? मायनं मुंगीला हळदकुंकू वाहिलं. मुंगीला वाहिलं ते वाहिलं, तिच्या वाटेलाही वाहिलं. सगळ्या पट्टीवर, दर हातभर अंतरावर, पाच बोटांनी कुंकू. वर अक्षता.

मी बघितलं तेव्हा बायकांनी हात जोडले होते. मी मनात म्हणलं, कुंकवानं काय होतंय.

मुंगी सोडली. निघाली झोकात. वळण घेतलं. बायका "आगंबाई" म्हणाल्या. माझी छाती एवढी झाली. आणि पहिल्या कुंकवापाशी ती उभी राहिली.

मी उचलून पुढं ठेवली. निघाली. दुसऱ्या कुंकवापाशी परत उभी.

"बग माय, देवाला मान द्यायली," एक म्हातारी म्हणाली आणि पाया पडली. दुसरी म्हणाली, "यंतर आसून कळतंय, माणसाला कळंना." मी दुसरी मुंगी काढली. तीही तिथंच उभी. तिसरी. सेल बघितला, तार बघितली, लॅपटॉपला लावून बघितली. सगळं ठीक. अक्का, सहा जणींच्या आया समोर बसल्या होत्या आणि माझी एकही मुंगी चालेना.

तेव्हा माय, आपली माय, हुरड्याचं कणीस चोळत म्हणाली,

"कुंकवापाशी आलं की अडती. राजीवाणीच हाय की."

कुणीच हसलं नाही आधी. मग बजरंगदादाची बायको पदर तोंडाला लावून हसली, आणि मग सगळाच आखाडा. मीही हसले. हसायला येत नव्हतं, पण हसले. दुसरं काय करणार? तीन वर्षांत मायनं त्या दिवसाचं एक अक्षर काढलं नव्हतं, आणि काढलं तर असं काढलं.

मला उठून जावं वाटत होतं. मला उठून जाणं जमतं, तुला माहीतच आहे. चप्पल कुठं आहे तेही बघून ठेवलं होतं.

सुकेशनी मात्र हसत नव्हती. ती फ्लेक्सवर पालथी पडून मुंगीच्या पोटाखाली बघत होती. सगळ्यांना कुंकू दिसत होतं, तिला पट्टीच दिसत होती. तिनं फुंकर मारून एका जागचं कुंकू उडवलं. मुंगी तिथून पुढं गेली आणि पुढच्या कुंकवाला थांबली. मग तिनं कोऱ्या पट्टीवर चिमूटभर हळद टाकली. मुंगी हळदीलाही थांबली. मग हळद पुसून तिथं चुलीतला कोळसा चोळला. मुंगी सरळ निघून गेली.

"ताई," ती म्हणाली, "मान न्हाई देत ती. तिला कुंकू दिसतच न्हाई. पट्टी झाकली की वाट संपली वाटतंय तिला. म्हणून थांबती."

खरं होतं. आपण तिला सांगितलंच होतं तसं, काळं दिसेना झालं तर थांब. मीच सांगितलं होतं.

आता पुसून टाकलं असतं तरी झालं असतं. मी फडकं घेतलंच होतं. पण एक पोरगी म्हणाली, "ताई, पुसायचं कामून? काकूनं हौसंनं वाह्यलंय." सगळ्या लॅपटॉपभोवती बसल्या. मी मागं सरकले. हैदराबादला सर मला बोलवायचे ना, तसं मला कुणी बोलवेना. त्यांचं त्यांचं भांडण चाललं होतं. "पट्टी हरवली तर थांब" यातलं "थांब" काढायचं, त्याच्या जागी काय ठेवायचं? एक म्हणाली मागं फिर. दुसरी म्हणाली, मागं कशाला, वाट पुढंच आसंल की. शेवटी त्यांनी लॅपटॉपवर हुकमांचे ठोकळे जोडले ते असे: पट्टी हरवली तर बोटभर पुढं जा. डावीकडं बघ, उजवीकडं बघ. सापडली तर धर. तरीही नाही सापडली तर थांब.

सोडली. मुंगी पहिल्या कुंकवापाशी आली. थबकली. अंगाला हलकासा झोका दिला, इकडं, तिकडं. आणि कुंकू ओलांडून पलीकडची पट्टी धरली.

अक्का, एकाही बाईनं टाळी वाजवली नाही. सगळ्या नुसत्या बघत राहिल्या. दुसरं कुंकू. तिसरं. पूर्ण फेरी मारून ती मायच्या पायापाशी आली तेव्हा तिच्या चाकांना कुंकू लागलं होतं आणि पांढऱ्या फ्लेक्सवर दोन बारीक लाल रेघा उमटल्या होत्या. मायनं तिला उचललं, पालथी केली, पोट बघितलं, परत ठेवली. म्हणाली, "शिकली की."

काकूंनी, त्याच गहू निवडणाऱ्या, मला विचारलं, "हे माझ्या पोरीनं केलं?" मी म्हणलं, "तिनं आणि ह्या पाच जणींनी. मी लांब बसले होते, बघितलं ना?" त्या म्हणाल्या, "शनिवारी भाकऱ्या माझ्याकडून."

मी एवढं फिरले अक्का. कुठल्याच गावात मला असं वाटलं नव्हतं. काल मी आखाड्याच्या दारात उभी होते आणि मला कुठंच जायचं नव्हतं.

आता फक्त भक्ती. तुझं उत्तर नाही. नसू दे. सातवी मुंगी मी तिच्यासाठी बांधतेय, तिच्या मोटारीचा आवाज थोडा कर्कश आहे. आपल्या घरातलीच शोभते.

राजी


२५ जानेवारी, शनिवार

अक्का,

हे पत्र पोस्टात पडणार नाही, ते पुढं कळेल. एका बाजूला पोरी खोकी उघडायल्यात, दुसऱ्या बाजूला मी पोत्यावर बसून हे लिहितेय. वही मांडीवर आहे, अक्षर लावून घे.

सकाळी सहाही जणी वेळेच्या आधी आल्या. धम्मानंद सर कोपऱ्यात घडीच्या खुर्चीवर बसलेत, उद्या बघू म्हणाले होते, आजच आलेत. सातवी मुंगी मी फ्लेक्सच्या कडेला ठेवली होती, तिच्यापुढं रिकामी जागा. माय म्हणाली, "कुणी बसव की तिथं." मी म्हणलं, राहू दे दुपारपर्यंत.

दहाच्या गाडीनंतर पांदीनं दोन माणसं येताना दिसली. एक बारकी, धावत पुढं. मागं एक बाई, जांभळं लुगडं, चाल अशी की रस्त्यानंच बाजूला व्हावं. आधी मला वाटलं तूच. मग चाल ओळखली. मी आबांना म्हणलं, "आबा, तोफ." आबा बाजेवरून उठून उभे राहिले, टोपी घातली.

भक्ती आली ती सरळ माझ्यापाशी. तिच्या वेणीच्या रबरात एक बारका दिवा. नमस्कार नाही, काही नाही. "मावशे, पाय उलटे लावले तर का लागत न्हाई गं? आन दोन सेल लावले तर लय जोरात लागला आन मग मेला." म्हणजे तिनं उलटं पण लावून बघितलं, दोन लावून पण बघितलं, जाळून पण बघितलं. हा दुसरा दिवा दाजींनी आणून दिला म्हणे. दाजींनी!

मग तुझ्या सासूबाई दारात आल्या. मी पाया पडले. त्यांनी माझ्याकडं वरून खाली बघितलं, त्या दिवशी बघितलं होतं तसंच.

"बारीक झालीस," म्हणाल्या.

मी म्हणलं, "अक्का नाही आली?"

"म्हशीला कोण बगंल मग? मी आले." पोत्यावर बसल्या. गुडघे चोळले. "तुझे पत्र आले की सविता दुपारच्याला मोठ्यानं वाचून दावती. मी सरकी निवडत ऐकती. फ्लेक्सवाल्याच्या पत्राला तर लय हसली. माझ्या घरात आल्यापासून ती अशी हसलेली मी ऐकली न्हवती. दोनदा वाचायला लावलं मी."

अक्का! मोठ्यानं? सगळं? मी तोंड लपवायला जागा शोधत होते, तर त्या म्हणाल्या, "ते बी ऐकलं. तोफ आली म्हण."

आबांनी खोकला काढला. सरांनी चष्मा पुसायला घेतला. मला वाटलं, जमिनीत गेले तर बजरंगदादाच्या शेजारी तरी पडेन.

मग त्या गंभीर झाल्या. भक्तीकडं बोट केलं. ती तोवर रिकाम्या जागेवर जाऊन बसली होती, सुकेशनी तिला पेचकस निवडून देत होती. "ही मावशीवर गेली, मावशीवर गेली म्हणून घरात समदेच बोलतेत. मी बी बोलती. मग म्हणलं बगून तर यावं, गेली ती कशावर गेली."

हे पत्र त्यांच्याच हाती देते, तेवढ्यासाठी घाईनं लिहितेय. तू मोठ्यानं वाचशीलच.

त्यांनी पाणी घेतलं, चहा नंतर म्हणाल्या. उठल्या, फ्लेक्सपाशी गेल्या. "कुंकवापाशी अडत होती ती कोणती?"

पोरींनी मुंगी आणून वाटेवर ठेवली. तेवढ्यात माय आली, सवाष्ण दारात आली म्हणून हळदीकुंकवाचं ताट घेऊन, आणि सवयीनं तिचा हात आधी पट्टीकडंच वळला. चिमूट भरलेली होती.

तुझ्या सासूनं तो हात मनगटाशी धरला. अक्का, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आत्ता, दोन हातांवर. धरला आणि स्वतःच्या कपाळाशी नेला.

"ईनबाई, मला लावा," म्हणाल्या. "तिच्या वाटंत नगा सांडू."